पाय थंड आहेत

मोहनराव इंगळ्यांच्या हाताचा बडोद्यातल्या घोडेवाल्यांत मोठा बोलबाला होता. आता घोडेवाले म्हणजे तरी किती? इनमीन शंभर माणसं आणि साठ-सत्तर जनावरं. पण त्या शंभरांत असा एक जण सापडायचा नाही, ज्यानं आपल्या घोड्याच्या पायाला मोहनरावांचा हात लावून घेतला नाही. ते उकिडवे बसायचे, गुडघ्यापासून खुरापर्यंत तळवा फिरवायचे, नळीच्या हाडामागची दोरीसारखी शीर बोटांच्या चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. सूज डोळ्यांना दिसायच्या दोन दिवस आधी त्यांच्या बोटांना ऊब कळायची. शिकलेसवरलेले डॉक्टरसुद्धा मशीन बाहेर काढण्याआधी विचारायचे, "काका, तमे शुं कहो छो?"

आजोबा संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. संस्थान गेलं, रिसाला गेला, घोडे कुठल्या कुठे गेले आणि मोहनरावांनी बत्तीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फिटरचं काम केलं. पण रक्तातलं जातंय कुठे! पहाटे पाचला सायकल काढायची आणि समा गावाच्या पलीकडे शेतात असलेल्या एका छोट्या रायडिंग क्लबवर जायचं, दोन तास घोड्यांत काढायचे आणि मग कारखाना. रिटायर झाल्यावर तर काय, रानच मोकळं.

आजोबांपासून त्यांच्याकडे एक शिरस्ता चालत आला होता. लांबची दौड मारून स्वार उतरला की मोतद्दारानं आधी घोड्याचे चारही पाय चाचपायचे. "पाय थंड आहेत" असं तो म्हणेपर्यंत स्वारानं पाण्याचा घोट घ्यायचा नाही, मग घशाला कोरड पडून जीव जायची वेळ येवो. आता धावून आलेल्या जनावराचे पाय थंड कुठून असणार? अर्थ एवढाच की चारही सारखे आहेत, एखादाच वेगळा तापलेला नाही. क्लबातल्या नव्या पोरांना हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. संपदाला नाही वाटायचं. अकोट्याच्या चिटणिसांची ही मुलगी. पणजोबा हुजूर कचेरीत होते, ही अलकापुरीतल्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. नऊ वर्षांची असताना मोहनरावांनीच तिला पहिल्यांदा खोगिरावर बसवलं. आज ती अठ्ठावीसची आहे, आणि अजून मोहनकाकांनी म्हटल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडत नाही.

त्या रविवारीही ती तशीच उभी होती. महीच्या काठाकाठानं ऐंशी किलोमीटरची शर्यत होती. दुपारचा एक वाजलेला, माघातलं ऊन पण चांगलंच चटके देणारं. संपदाची ढेल दुसरी आली होती. ढेल म्हणजे गुजरातीत लांडोर, आणि घोडीची चालही तशीच, मान ताठ, पावलं उचलून टाकणारी. काठेवाडी जात, सात वर्षांची. शर्यत संपल्या संपल्या शर्यतीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, दुडकी चाल बघितली, पास केली. आता दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पंचांना पुन्हा एकदा दुडकी दाखवायची होती. त्यात पास झाली की नंबर पक्का आणि राज्याच्या संघात जागा. पंधरा दिवसांनी एकशेवीस किलोमीटरची पुढची दौड. संपदानं दोन वर्षं ह्यासाठी घासली होती.

मोहनराव उकिडवे बसले. पुढचा उजवा. पुढचा डावा. मागचे दोन. पुन्हा पुढचा डावा. डोळे मिटले.

आणि त्यांना काही म्हणता काही कळलं नाही.

कळणार कुठून? साखरेनं आधी पायाची बोटं खाल्ली, मग हाताची. खाल्ली म्हणजे दिसायला जागच्या जागी, पण आत सगळं सामसूम. एकदा गॅसवरची आमटीची वाटी त्यांनी नुसत्या हातानं उचलली आणि शांतपणे पाटावर आणून ठेवली. बायको, कमलाबाई, बघतच राहिल्या. बोटांवर टरटरून फोड आले होते आणि ह्यांना पत्ता नाही. त्या म्हणाल्या, "क्लबवर सांगा." हे म्हणाले, "काय सांगू? इंगळ्यांचा हात मेला म्हणून?" त्या म्हणाल्या, "हो, तेच सांगा." नाही सांगितलं. रोज सकाळी पायांवरून हात फिरवायचे, पण काम करायचे डोळ्यांनी. घोडी कान कुठे वळवते, कातडी कुठे थरथरते, कुठला पाय जरा आधी उचलते, ते बघून बोलायचे. पन्नास वर्षांचा अनुभव, निभून जायचं. खोटं एकदा खपलं की माणसाला त्याचीच सवय लागते, दुसरं काय!

पण त्या दिवशी ढेल थकून नुसती उभी होती. कान हलेना, कातडी हलेना. घोडीनं काही सांगितलं नाही आणि बोटांनीही नाही. समोर संपदा, ओठ सुकून पांढरे पडलेले, हातात न उघडलेली बाटली. शेजारी चार माणसं जमलेली, म्हातारा काय म्हणतो ते ऐकायला. आणखी एकदा चाचपलं असतं तर लोकांना शंका आली असती.

"पाय थंड आहेत," ते म्हणाले. "पी पाणी."

पोरीनं बाटली तोंडाला लावली ती संपवूनच खाली ठेवली. मोहनरावांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मग नेहमीचं काम. पाऊण तास पायांवर नळीचं गार पाणी, नीट पुसणं, पुढच्या दोन्ही पायांना मुलतानी मातीचा लेप, त्यावर कापूस आणि कापसावर पट्टी. पट्टी बांधणं हे दिसतं तेवढं सोपं नाही हो. सैल राहिली तर गळून पायात अडकते, आवळली तर आतली शीर चेपते आणि धडधाकट पाय निकामी होतो. खरा ताण पट्टी गुंडाळताना बोटांना कळतो. शेवटी पडताळायला आणखी एक नियम असतो. वरच्या कडेतून एक बोट आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मोहनरावांनी बोट घातलं. डोळ्यांनी बघितलं, गेलं आत. पण ते सहज गेलं की रेटून घातलं, हे सांगणारं त्या बोटात कोणी उरलं नव्हतं. झालं, बांधली म्हणून उठले. संपदा तंबूत जाऊन आडवी झाली होती.

पाच वाजता ते घोडीपाशी आले, तेव्हा लांबूनच त्यांना काहीतरी खटकलं. ढेल डावा पाय आपटत होती. थांबायची, मान खाली घालून पट्टीला दात लावायची, पुन्हा आपटायची. गवताला तोंड लावलेलं नव्हतं. मोहनराव जवळ गेले. डाव्या पट्टीच्या वरच्या कडेला गुडघ्याखालची कातडी फुगून बाहेर आली होती, पोत्याचं तोंड सुतळीनं करकचून बांधल्यावर वरची कड फुगते तशी.

पट्टीचं टोक सोडायला गेले तर बोटांत येईना. दातांनी ओढलं. वेढ्यामागून वेढे निघाले, कापूस निघाला, सुकलेली माती पडली. नळीवर पट्टीच्या काठाचा आडवा वळ उमटला होता आणि त्याच्या मागे शिरेवर भरीवपणा दिसत होता. गरम होता का? बोटं लावली. काही नाही. तळवा लावला. काही नाही. "अरे देवा, एकदाच, एवढं एकदाच कळू दे," असं म्हातारा अक्षरशः पुटपुटला. शेवटी त्यानं गुडघे टेकले, घोडीच्या पायाला मिठी मारली आणि आपला गाल त्या शिरेला लावला. गालाला साखरेनं अजून हात लावला नव्हता. आधी उजवा पाय, मग डावा. डावा तापला होता.

आता बघा, त्या वेळी तिथे चिटपाखरू नव्हतं. बाकीची मंडळी चहाला गेलेली. डावी पट्टी हलकी करून पुन्हा बांधली असती, पाण्याची नळी अर्धा तास धरली असती, तर सकाळपर्यंत वळ मावळला असता. विचारलं कोणी, तर "शर्यतीतला ताण" असं म्हणायला तोंड मोकळं. मोहनरावांच्या मनात हे सगळं आलं. न यायला ते काही देव नव्हते. पट्टी हातात घेऊन ते दोन मिनिटं तसेच बसून राहिले. ढेलनं वाकून त्यांच्या टोपीचा वास घेतला. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की ते उठले आणि तसेच तंबूपाशी गेले.

"संपदा, बाहेर ये. घोडीचा डावा पाय बिघडलाय. पट्टी मी आवळली."

ती धावतच आली, बघितलं आणि डॉक्टर हार्दिकभाईला फोन लावला. हा क्लबचा डॉक्टर, शर्यतीच्या मैदानातच होता. फोन ठेवून वळली. "तुम्ही कशी आवळाल? तुम्ही?"

"माझ्या बोटांना कळत नाही. साखरेमुळे. काहीच कळत नाही."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीच्या आधीपासून."

"म्हणजे ह्या दिवाळीच्या नाही. त्याच्या आधीच्या." ती मोजत होती. "सव्वा वर्ष? सव्वा वर्ष तुम्ही रोज हिच्या पायांना हात लावून मला सांगत होतात आणि मी हिच्यावर बसत होते?"

"हो."

"आणि आज मला पाणी पी म्हणालात."

संपदा चिडली की मोठ्यानं बोलत नाही, तेच वाईट. "यापुढे तुम्ही हिला पट्टी बांधायची नाही," ती म्हणाली, "कुठल्याच घोड्याला बांधायची नाही."

"नाही बांधणार."

हार्दिकभाई आला, पाय वाकवून बघितला, शीर दाबून बघितली. त्याचं म्हणणं असं की पट्टी वेळेवर सुटली हे नशीब, आणखी दोन-तीन तास राहिली असती तर कथा आटोपली होती. आत काही तुटलंय का, ते आज सांगता येत नाही. वीस मिनिटं गार पाणी, अर्धा तास विश्रांती, परत पाणी, असं अंधार पडेपर्यंत करा. "पछी सवारे जोईए," मग सकाळी बघू, म्हणून तो दुसऱ्या घोड्याकडे गेला.

आता पंचाईत पहा. हात होते संपदाकडे आणि अक्कल होती मोहनरावांकडे. ती त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती आणि बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं नळी धरली. मोहनराव चार हातांवर एका उपड्या बादलीवर बसले.

"पाणी वरून सोड. गुडघ्याखालून. धार जोराची नको."

ती सांगितलं तसं करत राहिली. वीस मिनिटांनी नळी बंद केली.

"आता हात लाव. तळवा नको, बोटांची मागची बाजू. आधी उजव्याला, मग डाव्याला."

"डावा गरम आहे."

"किती?"

"किती म्हणजे? कसं सांगू किती!"

"अंगात कणकण असलेल्या माणसाच्या कपाळाएवढा, का चहाच्या कपाएवढा?"

तिनं पुन्हा बोटं लावली. "कपाळाएवढा."

"मग पाणी चालू ठेव."

असं चार वेळा झालं. तिसऱ्या खेपेला तिनं आपण होऊन सांगितलं की वरच्या भागातली ऊब गेली, खालच्या बोटभर जागेत आहे. मोहनरावांना तिचं कौतुक वाटलं, पण कौतुक करायचं तोंड नव्हतं. दिवे लागायच्या सुमाराला सूज उतरली. ढेलनं गवत खाल्लं. हार्दिकभाईनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "सोजो ऊतरी गयो. सरस!"

सकाळी सातला, पंचांपुढे जाण्याआधी, त्यांनी डांबरी रस्त्याच्या तुकड्यावर ढेलला पळवून बघायचं ठरवलं. लगाम संपदानं स्वतः धरला. कालपर्यंत तो मोहनरावांच्या हातात असायचा. मोहनराव समोर उभे राहिले नाहीत. पेंढ्याच्या गंजीमागे जाऊन बसले. कुणाला तोंड दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

त्यामुळे त्यांना घोडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. दुडकीत घोड्याचे पाय जोडीनं पडतात, तिरपे, एक पुढचा आणि विरुद्ध बाजूचा मागचा. डांबरावर दोनच ठोके, टप टप, टप टप. ढेल गेली आणि परत आली. हार्दिकभाईचा आवाज आला, "एकदम बराबर छे! चालो." मोहनराव मात्र गंजीमागे जागच्या जागी गोठले. दोन ठोक्यांतला एक हलका पडत होता. फार नाही, केसभर. घोडी डाव्या पायावर पुरता भार टाकत नव्हती.

ते बाहेर आले. "नको दाखवूस तिला. डावा चोरतेय."

हार्दिकभाई हसला, वाईट हेतूनं नव्हे. "काका, मला तर काही दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. ऐकू येतंय."

"काका," तो जरा अवघडून म्हणाला, "कालचं झाल्यावर... आज तुम्ही म्हणता म्हणून कसं थांबायचं?"

बरोबरच होतं त्याचं. सव्वा वर्ष ज्या माणसानं खोटं सांगितलं, त्याच्या शब्दाला किंमत ती काय? मोहनरावांनी वाद घातला नाही. संपदाकडे बघून एवढंच म्हणाले, "पंच पास करतील. त्यांनाही कळायचं नाही. पण पंधरा दिवसांनी एकशेवीस किलोमीटर पळवशील तेव्हा हा पाय जाईल."

संपदा वळली आणि घोडीला पुन्हा पळवत नेलं. परत आणलं. पुन्हा नेलं. तीन वेळा. मोहनरावांनी डोळे मिटले होते. "डावाच," ते म्हणाले. पंचांच्या तंबूतून पुकारा झाला, ढेलचा नंबर आला. संपदाचा चेहरा लालबुंद झाला होता, पळून आणि रडू आवरून. तिनं लगाम हार्दिकभाईच्या हातात दिला, तंबूत गेली आणि घोडीचं नाव काढून घेतलं. दुसरा नंबर गेला, संघ गेला, दोन वर्षं गेली.

ती परत आली तेव्हा मोहनराव म्हणाले, "नाव काढलंस, माझ्यावर विश्वास ठेवून?"

"काल तुम्हाला कोणी पकडलं नव्हतं," ती म्हणाली. "सैल पट्टी बांधून गप्प बसला असतात तर मला जन्मात कळलं नसतं. तरी येऊन सांगितलंत. तसं केलं नसतं तर आज मी तुमचं एक अक्षर ऐकलं नसतं."

बुधवारी पायाची सोनोग्राफी झाली. हार्दिकभाईनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. नळीमागच्या शिरेत तांदळाच्या दाण्याएवढी काळी जागा. तेवढी शीर फाटली होती. सहा महिने विश्रांती, मग हळूहळू चालवणं, घोडी पुन्हा पळेल. पंधरा दिवसांनी पळवली असती तर मात्र संपलं असतं, हे त्यानं दोनदा सांगितलं आणि मोहनरावांचा खांदा दाबला.

मोहनरावांचं लक्ष त्या दाण्यावर होतं. "डॉक्टर, हे शर्यतीत झालं, का माझ्या पट्टीनं?"

"काका, ए कोई न कही शके."

थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं. हार्दिकभाईनं परत तेच सांगितलं, ते कोणालाच सांगता यायचं नाही. मग संपदाच म्हणाली, "काका, पुरे. शर्यतीत झालं असेल तर पळवली मी, पट्टीनं झालं असेल तर बांधली तुम्ही. सहा महिने तिला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचंय. मी मारेन, तुम्ही बसून सांगायचं." तिच्या आवाजात राग होता, नव्हता असं नाही. पण उद्यापासून या, हे त्यात होतं.

मोहनराव घरी आले. कमलाबाईंनी ताट वाढलं. दोन घास खाऊन ते म्हणाले, "पाय वाचला. पण चूक कोणाची, ते काही कळलं नाही. डॉक्टरलाही सांगता येत नाही."

कमलाबाई भाकरी मोडत होत्या. "ते नसेल कळलं," त्या म्हणाल्या. "सव्वा वर्ष कुणाला सांगितलं नाहीत, ती चूक कोणाची, ते तरी कळलं ना?"

मोहनरावांचा हात ताटातच राहिला. एवढ्या दिवसांत जे आलं नव्हतं ते रडू त्यांना आलं, चांगलं हमसून हमसून. कमलाबाईंनी त्यांची समजूत घातली नाही. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि त्या जेवत राहिल्या.